ऑगस्टपर्यंत धावेल

शनिवारी मॅच, सोमवारी ढीग. चिखलाने कडक झालेल्या जर्सी, मोजे, चड्ड्या. एक ढीग धुवून वाळत घालेपर्यंत दुसरा तयार! क्लबातले किस्सेही असेच साठतात. वेळच्या वेळी बाहेर काढले नाहीत तर कुबट वास मारतात.

मी त्या फुटबॉल क्लबात कपडे धुतो आणि व्हॅन चालवतो. क्लब इंग्लंडात ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या गावातला, चौथ्या डिव्हिजनमधला. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्ही ओळखणार नाही. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळे लिहिण्याची सवय नाही. पण आमचे बेंजीकाका म्हणाले, "अरे सॅमी, तू बोलतोस तसंच लिही. फक्त शिव्या गाळ."

गाळल्या आहेत. म्हणून काही किस्से छोटे झाले.

*

दादापासून सुरुवात करतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, एली. आम्ही भायखळ्याचे मराठी ज्यू. मुंबईहून आधी तो आला, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून. मग रूथवहिनी आल्या. मग मुंबईत मी कुणाला आवरेना, तेव्हा मी आलो.

आठवडाभर तो हॉस्पिटलात असायचा आणि शनिवारी आमच्या क्लबचा ट्रेनर. ट्रेनरचं काम असं, की खेळाडू पडला की बादली आणि स्पंज घेऊन मैदानात पळायचं. बादलीत गार पाणी. गुडघा असो, डोकं असो, बरगडी असो, औषध एकच. हॉस्पिटलात शिकलेलं सगळं शनिवारी बादलीत बुडायचं!

पण दादाचं एक वेगळं होतं. तो पडलेल्या माणसावर वाकायचा, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा, आणि माणूस उठायचा. टीमची खात्री होती की ही हिब्रू प्रार्थना आहे. मॅनेजर प्रिचर्डला वाटायचं इंडियन मंत्र आहे. एकदा तर समोरच्या टीमच्या विंगरला पेटका आला, त्यांचा ट्रेनर धावत आला, तर तो ओरडतो, "तू नको! तो कानात बोलणारा पाठव!"

मला ती प्रार्थना पाठ होती. भायखळ्याला रोज सकाळी दादा माझ्या खाटेला लाथ मारून तीच म्हणायचा. "ऊठ रे गाढवा, बस जाईल!"

मी उठायचो नाही. बस जायची. शेवटी शाळाही गेली. आणि इथे त्याच वाक्यावर सहा फुटी गोरे उठून पळायला लागायचे! मी पहिल्यांदा मैदानाच्या कडेला ते ऐकलं, तेव्हा सवयीने कूस बदलावीशी वाटली.

*

प्रार्थना चालली नाही ती फक्त मिकवर.

मिक आमचा लेफ्ट-बॅक. एका पावसाळी शनिवारी त्याचा पाय चिखलात राहिला आणि बाकीचा मिक वळला. गुडघा गेला. हॉस्पिटलवाल्यांनी हात टेकले, पण दादाने नाही. रोज संध्याकाळी मिक आमच्या किचनमध्ये स्टुलावर पाय ठेवून बसायचा. मांडीत ताकद यावी म्हणून पायाला वजन बांधून उचलायचं होतं. घरात वजनदार वस्तू एकच, वहिनींचा खलबत्ता.

वहिनी ओट्याशी उभ्या. "अहो, त्याचे दहा झाले की खलबत्ता द्या. आमटी अडली आहे."

मिकला एवढंच कळायचं की आपल्या गुडघ्यावर या घराचं जेवण अवलंबून आहे. बिचारा दात-ओठ खाऊन उचलायचा.

कुणीही विचारलं की दादाचं उत्तर ठरलेलं. "ऑगस्टपर्यंत धावेल." ऑगस्टमध्ये सीझन सुरू होतो ना! तो ऑगस्ट आला, गेला. मिक काठी घेऊन मॅच बघायला येत होता. दादा म्हणाला, "ऑगस्टपर्यंत धावेल."

कुठला ऑगस्ट, ते त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

*

आता ती लिस्ट समजून घ्या, म्हणजे मिकचं काय पणाला लागलं होतं ते कळेल.

मे महिन्यात सीझन संपला की क्लब एक यादी लीगला पाठवतो. कोण राहणार, कोण जाणार. तिला 'रिटेन्ड लिस्ट' म्हणतात. यादीत नाव नसलं तर नोकरी गेली. मिकचं तर घरही गेलं असतं, कारण घर क्लबचं. त्यात तो आणि त्याची बायको शीला. दुसऱ्या लिस्टच्या वेळी तर बाळही येऊ घातलेलं.

एवढा मोठा निर्णय आमच्याकडे कुठे व्हायचा? टी-रूममध्ये! मॅनेजर प्रिचर्ड टेबलावर टीम मांडायचा. मीठदाणी म्हणजे गोलकीपर. सॉसची बाटली म्हणजे सेंटर-फॉरवर्ड. "उंच आहे, आणि जोरात हलवल्याशिवाय त्यातून काही बाहेर पडत नाही," असं तो म्हणायचा. मिक म्हणजे कान तुटलेला कप.

मिकला दुखापत झाली त्या सीझनच्या शेवटी मी तिथेच टॉवेल घड्या करत होतो. प्रिचर्ड कप टेबलाच्या कडेला सरकवतो, दादा तो परत आत घेतो. प्रिचर्ड सरकवतो, दादा आत घेतो. असं बराच वेळ चाललं, आणि चहावाली डोरिस ट्रे घेऊन आली. तिने मीठदाणी उचलली, बाटली उचलली, दोन हाफ-बॅक कपबश्यांसकट उचलले.

"डोरिस, अगं, ती माझी टीम आहे!"

"असेल. मला बंद करायचंय."

अख्खी टीम सिंकमध्ये! टेबलावर राहिला तो फक्त कान तुटलेला कप, कारण तुटके कप डोरिस धूत नाही.

प्रिचर्डने कपाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं. एक वर्ष."

*

जुने ठेवायचे ते ठरले, की नवे आणायचे. त्याच उन्हाळ्यात प्रिचर्डने वेल्समधला एक सेंटर-फॉरवर्ड हेरला होता. खाणीत काम करायचा आणि रविवारी गोल मारायचा. चेअरमन डॉकिन्स म्हणाले, "मी स्वतः जाऊन सही घेतो." डॉकिन्स यांचा मीट-पायचा, म्हणजे आत खिमा भरलेल्या भाजक्या कचोऱ्यांचा कारखाना. माणसं पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं त्यांचं मत.

ते गेले, चहा प्यायले, सही घेऊन आले. जुलैमध्ये तो पोरगा प्रॅक्टिसला हजर झाला. नाव ग्विन. बॉल उजवीकडे गेला की हा डावीकडे.

प्रिचर्ड बघतच राहिला. "तू खाणीच्या टीमकडून खेळायचास ना?"

"नाही सर. तो माझा भाऊ. तो त्या दिवशी शिफ्टला होता."

"मग तू सही का केलीस?"

"मी सांगितलं मिस्टर डॉकिन्सना, की मी दुसरा आहे. ते म्हणाले, लाजू नकोस."

दादा त्यावर आठवडाभर हसत होता. आमटी ढवळता ढवळता मध्येच थांबून हसायचा. मग मला म्हणाला, "सॅमी, बरं झालं. हा क्लब एका भावाच्या जागी दुसरा चालवून घेतो. मी आजारी पडलो तर तुलाच पाठवतो!"

मी म्हणालो, "मला बादली तरी धरता येते का?"

"ग्विनला कुठे बॉल धरता येतो?"

*

दादा आजारी पडलाच नाही. पुढचा सीझन संपला, शेवटची मॅच झाली, आणि त्यानंतरच्या मंगळवारी हॉस्पिटलात एका म्हाताऱ्याला चालायला शिकवता शिकवता तो खाली बसला. हार्ट. हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या मधोमध! त्याच्या कानाशी कुणी काही बोललं का, ते मला माहीत नाही. मी व्हॅन घेऊन लाँड्रीत होतो.

यात किस्सा नाही. पुढचा आहे.

आमच्यात दफनाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि ते आमच्या धर्माचेच लागतात. ब्रिस्टलच्या आसपास आमचे मराठी ज्यू किती? बोटांवर मोजता येतील. बेंजीकाका लंडनजवळच्या पिनरहून आले, आणखी काही जण लंडनहून ट्रेनने आले. तरी माणसं झाली नऊ. बेसिंगस्टोकचा एक जण येतो म्हणाला होता, पण त्याची ट्रेन अडकली.

काका दफनभूमीच्या दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. तेवढ्यात प्रिचर्ड आला. "काय अडचण आहे?"

"दहा पुरुष लागतात. एक कमी आहे."

"दहाच?" प्रिचर्ड म्हणाला. "आम्ही ग्विनला घेऊन अख्खा सीझन दहा जणांनीच खेळलो!"

ग्विन मागेच उभा होता. त्याने मान हलवली.

अर्ध्या तासात टीमची बस दारात! सगळे ब्लेझर घालून आलेले. कुणीतरी सांगितलं होतं की डोकं झाकावं लागतं, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर क्लबची लोकरीची टोपी, वर गोंडा. मे महिन्यात! काकांनी त्यांना समजावलं, की बाबांनो, आभारी आहोत, पण तुम्ही मोजले जात नाही.

गोलकीपर म्हणाला, "एक सब्स्टिट्यूटसुद्धा चालत नाही?"

काका गंभीरपणे म्हणाले, "नाही. आमचे नियम लीगपेक्षा जुने आहेत."

मग बेसिंगस्टोकवाला धापा टाकत पोचला. दहा झाले. टीम कुंपणाबाहेर रांगेत उभी राहिली, लहानापासून उंचापर्यंत, फोटोला राहतात तशी. मिक शेवटी, काठीवर. प्रार्थना होईपर्यंत एकही गोंडा हलला नाही.

*

त्यानंतर सात दिवस आम्ही घराबाहेर पडत नाही. जमिनीवर चटईवर बसायचं, आरसा झाकायचा, स्वयंपाक करायचा नाही. शेजारीपाजारी जेवण आणतात.

दफनाहून घरी आलो तेव्हा टीमही मागोमाग येऊन कुंपणाबाहेर उभी राहिली, आणि पहिलं जेवण आणलं चेअरमन डॉकिन्स यांनी. मोठं खोकं. झाकण उघडलं तर गरमागरम मीट-पाय, त्यांच्या कारखान्यातले सगळ्यात भारी. डुकराच्या मांसाचे, आमच्यात वर्ज्य!

बेंजीकाकांनी डोळे मिटले. मी काहीतरी बोलणार होतो, गाळण्यासारखंच. पण वहिनींनी खोकं हातात घेतलं. म्हणाल्या, "थँक यू, मिस्टर डॉकिन्स. पोरं बाहेर उभी आहेत. एली आधी पोरांना द्यायचा."

आणि खोकं कुंपणाबाहेर गेलं. टीमने फस्त केलं. डॉकिन्स डोळे पुसत मला म्हणाले, "किती मोठ्या मनाची माणसं रे तुम्ही! या दुःखातही एकाने घास खाल्ला नाही."

*

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नवी लिस्ट अजून जायची होती.

प्रिचर्डने मला दफनाच्या दिवशीच बाजूला घेतलं होतं. "सॅम, मिकचं काय करू? डॉकिन्सला तो नको आहे. एलीने त्याच्या गुडघ्याबद्दल तुला काही सांगितलं असेल तर सांग. एलीच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. पण शब्द स्पष्ट हवा."

स्पष्ट शब्द! माझ्याकडे एकच होता, 'ऑगस्टपर्यंत धावेल', आणि तो गेल्या ऑगस्टलाही हाच होता. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या क्लबाला ठाऊक. मी तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं बाहेर पडलं असतं. हॉस्पिटलवाले काय म्हणाले ते, खलबत्ता उचलताना मिक कसा रडायचा ते, सगळं.

लिस्ट पोस्टात टाकायच्या दिवशी दुपारी प्रिचर्ड आणि डॉकिन्स दोघे आले. बेंजीकाकांनी त्यांना दारातच आमची रीत सांगितली. "दुःखाच्या घरात पाहुण्याने आधी बोलायचं नसतं. घरचा माणूस बोलला की मग बोलायचं."

इंग्रज माणसाला रीत सांगितली की तो ती जिवापाड पाळतो. दोघे बूट काढून आत आले, माझ्यासमोर चटईवर बसले, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी गप्प बसलो.

जन्मात पहिल्यांदा! मुंबईत मास्तरांसमोर, इकडे येताना बोटीवर कॅप्टनसमोर, कुठे म्हणून मी गप्प बसलो नव्हतो. आता बसलो. घड्याळ टिकटिक करत होतं. डॉकिन्स यांचे पाय चटईवर कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. एकदा पुढे, एकदा मागे, एकदा अंगाखाली. प्रिचर्ड जुना सेंटर-हाफ, त्याचे दोन्ही गुडघे कधीचे गेलेले. त्याच्या कपाळावर घाम. बाहेर मिक आमच्या पुढच्या अंगणातलं गवत कापत होता. रोज यायचा, कुणी सांगितलं नव्हतं. मशीन दोन पावलं ढकलायचा, थांबायचा, परत दोन पावलं. आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

डॉकिन्स यांनी खिशातून घड्याळ काढलं. पोस्ट जायची वेळ होत आलेली. त्यांनी प्रिचर्डकडे पाहिलं. प्रिचर्डने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. बेंजीकाका हळूच मराठीत म्हणाले, "अरे सॅमी, बोल काहीतरी. या माणसाचा जीव जाईल."

मी गप्प.

बाहेर मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"ऑल राइट!" प्रिचर्ड किंचाळलाच. "ठेवतो! मिकला ठेवतो, एक वर्ष! डॉकिन्स, मान हलव!" डॉकिन्स यांनी घाईघाईने मान हलवली. "आता देवासाठी काहीतरी बोल, पोरा!"

मी म्हणालो, "चहा घेणार?"

पण चहाला उठणार कोण? डॉकिन्स यांच्या पायांना मुंग्या आलेल्या, प्रिचर्डचे गुडघे जागच्या जागी अडकलेले. मी एकाला ओढलं तर दुसरा आडवा! शेवटी वहिनींनी खिडकीतून हाक मारली आणि मिक आत आला. काठी भिंतीला टेकवली, एक हात मॅनेजरला दिला, एक चेअरमनला, आणि ज्या गुडघ्यावर दोघांचाही विश्वास नव्हता त्या गुडघ्यावर जोर देऊन दोघांना उभं केलं.

डॉकिन्स पँट झटकत म्हणाले, "गुडघा ठीक दिसतोय की!"

*

त्या उन्हाळ्यात क्लबने फार काटेकोर प्लॅनिंग केलं. मैदानावर नवं बी पेरलं. जर्सीचा रंग बदलला. कुणी किती पळायचं, कुणी किती बीअर प्यायची, सगळं ठरलं. डोरिसला हात लावता येऊ नये म्हणून प्रिचर्डने या वेळी टीम खडूने भिंतीवर मांडली. ग्विनच्या भावालाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, "एका घरातून एक पुरे."

मिकला बाळ झालं. मुलगा. मिक खलबत्ता स्वतःच्या घरी घेऊन गेला होता. वहिनी म्हणाल्या, "असू दे. मी आता कुणासाठी वाटण करू?"

आणि ऑगस्टमध्ये मिक धावला.

जोरात नाही. सुंदर तर नाहीच. पण धावला. सीझनआधीची पहिली मैत्रीपूर्ण मॅच होती, शेजारच्या गावातल्या हौशी टीमबरोबर. ऊन होतं, लोक कमी होते. वहिनी डोरिसशेजारी बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे जर्सी वाटल्या, नेहमीप्रमाणे बादली भरून बाकाशेजारी ठेवली, स्पंज टाकला, आणि मॅच बघत उभा राहिलो.

हाफटाइमनंतर त्यांचा विंगर मिकवर आदळला. मिक खाली. दोन्ही हात गुडघ्यावर.

रेफरीने बाकाकडे बघून हात हलवला. प्रिचर्डने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. डॉकिन्स यांनी प्रिचर्डकडे बघितलं. सगळ्या प्लॅनिंगमध्ये एक गोष्ट राहून गेली होती. नवा ट्रेनर कुणी नेमलाच नव्हता!

रेफरीने पुन्हा हात हलवला. सगळं बाक बादलीकडे बघत होतं.

मी बादली उचलली आणि पळालो. अर्धं पाणी माझ्याच बुटांत. मिकपाशी पोचलो, गुडघे टेकले, स्पंज काढला. मिक डोळे मिटून पडला होता, कान माझ्या बाजूला करून.

मी वाकलो. तोंड उघडलं. काही आलंच नाही. एरवी आवरत नाही ते तोंड, आणि आता एक शब्द नाही! स्पंजमधून पाणी गळत होतं, माझ्या डोळ्यांतून गळत होतं, आणि मी तसाच, ओल्या गवतात, हुंदके देत.

रेफरी म्हणाला, "याला काय झालंय?" तो मिककडे बघत नव्हता.

मिकने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातला स्पंज घेतला, माझं तोंड पुसलं, माझ्या कानाशी आला, आणि त्याच्या त्या गावठी इंग्रजी उच्चारात, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा म्हणाला,

"ऊठ रे गाढवा, बस जाईल."

उठलो. आधी मी, मग तो.